चॉकलेट लावलेले पीनट बटर ग्रॅनोला बार रोज द्यावेत का मुलाला?

ठाण्याची_आई

नमस्कार, मुलगा आठवीत आहे, शाळा सुटली की तसाच फुटबॉलला जातो आणि घरी यायला साडेसात होतात. मधल्या वेळेला काहीतरी पोटात जावं म्हणून जूनपासून मी त्याला हे चॉकलेटचं कोटिंग असलेले पीनट बटरचे ग्रॅनोला बार द्यायला लागले, आधी एक द्यायचे, आता रोज दोन लागतात आणि पोळीचा रोल दिला तर तो तसाच्या तसा परत येतो. सासूबाई म्हणतात हे चॉकलेटच आहे, नवरा म्हणतो ओट्स आहेत, दाणे आहेत, खाऊ दे की. मला दोघांचंही पटतं म्हणून इथे विचारतेय.

काल मीही एक खाऊन बघितला. खरं सांगते, आवडला. वरचं पातळ चॉकलेट दातांखाली तडकतं, मग आतले ओट्स चिवट लागतात आणि मध्येच एखादा खारट दाणा येतो, त्यामुळे पुढचा घास घ्यावासाच वाटतो.

मागचं लेबल टाईप करतेय. बार 35 ग्रॅमचा. घटक: कंपाऊंड चॉकलेट 27%, रोल्ड ओट्स 18%, लिक्विड ग्लुकोज, साखर, राईस क्रिस्पीज, पीनट बटर 9%, शेंगदाणे 6%, पाम तेल, मध, मीठ, मग ते इमल्सिफायर वगैरे. 100 ग्रॅमला 468 कॅलरी, प्रोटीन 8, फॅट 20, त्यात सॅच्युरेटेड 10, साखर 31. हे वाचायचं कसं?

पाकातली_भरड

ताई, लेबल टाकलंत ते फार बरं केलंत. मी फूड टेक्नॉलॉजी केलंय, बरीच वर्षं कन्फेक्शनरीत काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घटक नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणजे तुमच्या बारमध्ये सगळ्यात जास्त काय आहे तर कोटिंग, म्हणजे ते कंपाऊंड चॉकलेट. आणि पाकिटावर ज्या घटकाचं नाव मिरवलंय त्याची टक्केवारी द्यावी लागते, ती तुमच्याकडे आहेच, मग सरळ गुणाकार करा. 35 ग्रॅमचे 9% म्हणजे पीनट बटर 3 ग्रॅम, चहाचा एक चमचाही नाही. ओट्स 6 ग्रॅमच्या आसपास. कोटिंग साडेनऊ ग्रॅम. चित्रात दाण्यांची रास आणि मधाची धार दिसते, पण आत दाणे आणि पीनट बटर मिळून 5 ग्रॅमच्या थोडं वर.

साखर एका बारमध्ये 11 ग्रॅमला टेकते, दोन खाल्ले की 22. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, त्यात मध, सिरप, फळांचे रसही आले, एकूण कॅलरीच्या 10% पेक्षा कमी असावी आणि 5% च्या आत राहिली तर आणखी चांगलं. 2000 कॅलरी धरल्या तर 5% म्हणजे 25 ग्रॅम. दोन बारमध्येच जवळपास तेवढी साखर गेली, चहा-बिस्किटं, सॉस, सरबत अजून बाकीच आहेत.

आता प्रोटीन बघा. एका बारमध्ये 2.8 ग्रॅम आणि कॅलरी 164. मूठभर म्हणजे 30 ग्रॅम भाजलेले दाणे घेतले तर कॅलरी साधारण तेवढ्याच, 170 च्या आसपास, पण प्रोटीन 7 ग्रॅमच्या वर आणि साखर नावाला. दाण्यातलं तेलही बहुतेक अनसॅच्युरेटेड असतं, म्हणजे सॅच्युरेटेडपेक्षा हृदयाला बरं समजलं जातं ते. म्हणजे बारमध्ये दाण्याची चव पुरेपूर आहे पण दाणा कमी आहे, मला खटकतं ते हे.

कंपाऊंड म्हणजे काय तेही सांगते. खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं, ते साधारण 34 अंशाला वितळतं, म्हणून तोंडात ठेवलं की विरघळतं आणि म्हणूनच एप्रिलमध्ये दप्तरात ठेवलं तर त्याचा चिखल होतो. कंपाऊंडमध्ये त्याच्या जागी दुसरी वनस्पती फॅट घालतात, पुष्कळदा पाम कर्नल तेलाची, ती उन्हात टिकते, स्वस्तही पडते, पण पाम कर्नल तेलात 80% च्या वर सॅच्युरेटेड फॅट असतं. तुमच्या 100 ग्रॅममधल्या 10 ग्रॅम सॅच्युरेटेडचा मोठा वाटा तिथून येतोय.

आणि आवडतो का, तर तुम्हीच लिहिलंय की. गोड, खारट आणि स्निग्ध एकाच घासात, वर कडक, आत चिवट. दर घासाला चव बदलत राहते त्यामुळे जीभ कंटाळत नाही. मुलाला दोष देऊ नका.

ओहायोवाले_काका

पीनट बटर आणि चॉकलेट ही जोडी इथे अमेरिकेत फार जुनी आहे, हर्शी कंपनीत आधी काम केलेल्या एच. बी. रीस यांनी पेनसिल्वेनियातच 1928 मध्ये पीनट बटर कप काढले, आजही हॅलोविनला मुलं पिशवीत आधी तेच शोधतात. कोटिंगवाले ग्रॅनोला बार मला त्याच चवीचे वाटतात, फक्त ओट्समुळे ते सीरियलच्या रॅकवर येऊन बसलेत. इथे लेबलवर ॲडेड शुगर्सची, म्हणजे वरून घातलेल्या साखरेची, वेगळी ओळ असते, आम्ही घरी आधी ती बघतो. आणि नुसत्या पीनट बटरच्या बरणीत निदान 90% दाणे असावेच लागतात असा नियम आहे, म्हणून बरणी आणून सफरचंदाच्या फोडीला लावून देणं मला कधीही जास्त भरवशाचं वाटतं.

एक मात्र विचारतो, मैदानावर हा बार कोणी वाटून खातं का? इथे कित्येक शाळांमध्ये शेंगदाण्याला बंदी आहे कारण ॲलर्जी जिवावर बेतू शकते. आपल्याकडे उपवासाला घरोघरी दाणे खातात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण मित्रांना घास देण्याआधी विचारायची सवय लावा त्याला.

मैदानावरचा_बाबा

मी थोडं वेगळं बोलतो. माझी मुलगी कबड्डी खेळते. खेळायच्या अर्धा-पाऊण तास आधी थोडं गोड पोटात गेलं तर काही बिघडत नाही, उलट त्या वेळी भरपूर तेलकट किंवा खूप फायबरवालं खाल्लं की पोटात दुखतं. त्यामुळे शनिवारी मॅच आहे, एक बार दिला, ठीक आहे. प्रश्न रोज दोनचा आणि रोल परत येण्याचा आहे. आम्ही प्रॅक्टिसच्या आधी केळं देतो आणि संपल्यावर लगेच उकडलेलं अंडं नाहीतर चणे-दाणे. एकदम बंद केलंत तर तो बाहेर घेऊन खाईल, हे मात्र नक्की.

गूळपोळी

घरी करून बघा, मी करते. दोन वाट्या रोल्ड ओट्स मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत कोरडेच भाजायचे, एक वाटी भाजून सोललेल्या दाण्यांची भरड, अर्धी वाटी पीनट बटर (दाणे मिक्सरला तेल सुटेपर्यंत फिरवत राहिलं की तेच), चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, सगळी मजा त्यात आहे. अर्धी वाटी गुळाचा पाक करायचा.

पाकाकडे लक्ष द्या. थंड पाण्यात थेंब टाकला की मऊ गोळी व्हायला हवी, खटकन मोडली तर ती चिक्की झाली आणि पसरला तर बार हातात भुगा होऊन येतो. मऊ गोळी झाली की गॅस बंद, पीनट बटर घाला, मग ओट्स आणि भरड. तूप लावलेल्या ताटात ओता आणि वाटीच्या बुडाने जोर लावून दाबा, अगदी दाबा. गार झाल्यावर कापा. डार्क चॉकलेट डबल बॉयलरवर (गरम पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवून) वितळवून फक्त एक बाजू बुडवायची, भांड्यात पाण्याचा थेंब गेला तर चॉकलेट आवळून गोळा होतं म्हणून भांडं कोरडं हवं. गूळही साखरच आहे, तेव्हा हाही एकच द्यायचा, पण यात दाणे भरपूर जातात.

ठाण्याची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. 3 ग्रॅम पीनट बटर वाचल्यावर मी काट्यावर मोजून मुलाला चमच्यात दाखवलं. तो म्हणाला, एवढंच? मग आम्ही ठरवलं, विकतचा बार फक्त मॅचच्या दिवशी, एक. इतर दिवशी केळं आणि डब्यात दाणे-गूळ. ॲलर्जीचं त्याच्या डोक्यात नव्हतंच, आज तो दोन मित्रांना विचारणार आहे.

गूळपोळी, तुमचे बार रविवारी केले. पहिल्या खेपेला पाक जास्त झाला, कडक झाले, सासूबाईंनी चहाबरोबर चिक्की म्हणून खाल्ले आणि त्यांना आवडले. दुसऱ्यांदा मऊ गोळी साधली. पण बार बाहेर राहिले की चॉकलेटला बोटांचे ठसे पडतात आणि फ्रीजमध्ये ठेवले की वर पांढरट डाग येतात, ते खराब झाले असं समजायचं का?

पाकातली_भरड

नाही ताई, खराब नाहीत. कोको बटर किंवा साखर पृष्ठभागावर येऊन बसते, त्याला ब्लूम म्हणतात, खायला काही हरकत नाही. हवाबंद डब्यात ठेवा आणि फ्रीजमधून काढल्यावर डबा लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे वर पाणी धरणार नाही.