नवजात उंदरात एएव्ही (जनुक पेशीत पोचवणारा विषाणू) काम करेपर्यंत न्यूरॉन जागेवर पोचलेले असतात. काय करू?

मंडळी, पीएचडीच्या कामात अडकले आहे, जाणकारांनी सांगावं.

आमचं जनुक कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या भागात) न्यूरॉनच्या स्थलांतराला लागतं असा माझा अंदाज आहे. उंदीर फ्लॉक्स्ड आहेत, म्हणजे जनुकाच्या दोन्ही बाजूंना खुणा आहेत आणि क्री हे एन्झाइम मिळालं की ते कापलं जातं. क्री एएव्हीतून देते. जन्माच्याच दिवशी पिल्लू बर्फावर गार करून, फास्ट ग्रीन हा रंग मिसळलेला विषाणू काचेच्या बारीक सुईने मेंदूतल्या दोन्ही व्हेंट्रिकलमध्ये (द्रवाच्या पोकळ्यांत) टोचायचा. टोचणं जमतंय. कवटी इतकी पातळ असते, की सुई नीट पडली तर रंग आत पसरताना कातडीवरूनच दिसतो. पिल्लं ऊब देऊन, पिंजऱ्यातला भुसा चोळून परत ठेवली की आईही जवळ घेते.

अडतंय ते वेळेवर. दुसऱ्या-तिसऱ्या थरातले न्यूरॉन तयार होतात गर्भाच्या साधारण १५ ते १७व्या दिवशी आणि जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात मुक्कामी पोचतात. एएव्हीचा डीएनए एकेरी. त्याचा दुसरा धागा बनणार, मग क्री, मग जनुक कापलं जाणार, आणि आधीचं प्रथिन तरीही काही काळ टिकणारच! थर छान दिसतात, म्हणून गाईड म्हणतात, ‘या जनुकाचा संबंध नाही असं लिही.’ मला नाही पटत.

सेल्फ-कॉम्प्लिमेंटरी एएव्हीने (ज्याला दुसरा धागा नव्याने बनवावा लागत नाही) भागेल का? त्यात अर्धीच जागा असते, पण क्री जेमतेम १ किलोबेसचं (हजार अक्षरांचं). की सरळ रेट्रोव्हायरस?

प्रतिसाद:
दुसऱ्या धाग्याचा वेळ वाचेल, जुन्या प्रथिनाचं काय? जन्मानंतर काहीही टोचलंत तरी उशीरच. रेट्रोव्हायरस विभाजन चालू असलेल्या पेशींतच चालतो, म्हणजे गर्भातच द्यावा लागेल, आणि पेशी मोजक्याच सापडतील. पेशींची वंशावळ शोधायला ते उत्तम, तुमच्या कामाला नाही. १५व्या दिवशी इन युटेरो इलेक्ट्रोपोरेशन (गर्भाच्या मेंदूत डीएनए टोचून विजेच्या झटक्याने पेशींत घालणं) करा: क्री आणि जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे प्लाझ्मिड (डीएनएची वर्तुळं), एकाच बाजूला. विषाणूच नको.

घाईत एसएचआरएनएकडे (जनुक न कापता त्याचा संदेश दाबणारा छोटा आरएनए) मात्र वळू नका. डबलकॉर्टिन या जनुकाचं आठवा. २००३ मध्ये रॅटच्या गर्भात आरएनएआयने (याच पद्धतीने) ते दाबलं तर न्यूरॉनचं स्थलांतर अडलं, पण त्याआधी जनुकच काढलेल्या उंदरांत कॉर्टेक्सचे थर जवळजवळ ठीक होते. खरं कोण, यावर पुढे बराच खल झाला.

आणि कंट्रोलला निष्क्रिय क्री ठेवलंय ना? क्री जास्त झालं तर साध्या पेशींनाही बाधतं.

धागाकर्ती:
सध्या नुसतं जीएफपी आहे, बदलते. पण गाभण उंदरीची शस्त्रक्रिया आमच्या लॅबमध्ये कुणालाच येत नाही. पुण्या-मुंबईत कुणी करत असेल तर बघायला येऊ का?