मदत हवी आहे: हळदीच्या हमालांचे फोटो रंगीतच लावायचेत, पण प्रिंट हिरवट येतेय

नमस्कार मंडळी,

तीन वर्षं झाली, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे हमाल, तोलाईदार आणि हळद निवडणाऱ्या बायकांचे फोटो काढतोय. सौदे आटोपल्यावर, अडत दुकानाच्या दारातल्या उजेडात, समोरासमोर उभे राहून. फ्लॅश वापरत नाही. दिवाळीनंतर यातले २२ फोटो विश्रामबागच्या एका हॉलमध्ये लावायचेत. पहिलंच प्रदर्शन आहे.

हंगामात हळद यांच्या भुवयांत, नखांत, कानाच्या पाळीवर बसलेली असते. फोटोचा सगळा जीव तिथंच आहे. लॅबमधून दोन टेस्ट प्रिंट काढल्या, तर पिवळा हिरवट आला आणि माणसं कावीळ झाल्यासारखी दिसायला लागली. मित्र म्हणतात, ब्लॅक अँड व्हाइट कर, भारी वाटेल. पण मग पोतं कशाचं होतं ते कळणार कसं?

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, फाइल ६००० बाय ४०००. २० बाय ३० इंचाला इंचामागे २०० पिक्सेल मिळतात, तेवढे पुरतील ना? आणि हॉलला ट्यूबलाइट आहेत, तर फ्रेमला काच लावू की नको?

दुसरी गोष्ट मला जास्त छळतेय. २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. पोती वाहणाऱ्यांची नावं मात्र कुठंच नाहीत, म्हणून प्रत्येक फोटोखाली पूर्ण नाव लिहायचं ठरवलंय. एक आजोबा हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, उतरून हळद काढायचे. २००५ च्या पुरात पाणी शिरून बरीच पेवं गेली, त्यांचं काम आता फक्त त्यांच्या तोंडून ऐकायला मिळतं. ते म्हणाले, "नाव मोठ्या अक्षरात लिही." पण एका मावशींनी तेव्हा आनंदानं फोटो काढू दिला होता, आता मुलीची सोयरीक जमवताना त्या कचरतायत. सगळ्यांना पुन्हा विचारू का?

प्रतिसाद:

दादा, रंगीतच ठेवा. हळदीच्या ढिगाचा पिवळा उजेड चेहऱ्यावर पडतो. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर (उजेडाचा रंग आपोआप सावरणाऱ्या सेटिंगवर) असेल तर तो पिवळा मारायला निळा वाढवतो आणि लाल दाबतो, त्यानं हिरवट झाक येऊ शकते. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल) असतील तर व्हाइट बॅलन्स हातानं लावा. लॅबकडून त्यांच्या कागदाचं प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) मागून घ्या, आणि एकाच शीटवर तीन छटांच्या पट्ट्या छापून त्या हॉलच्याच ट्यूबलाइटखाली बघा. मॅट कागद घेतलात तर आठवडाभराच्या प्रदर्शनाला काचेची गरज नाही. २०० पुरतात, एवढा मोठा फोटो माणूस चार फुटांवरूनच बघतो.

मावशींना विचाराच, आणि नको म्हणाल्या तर २१ लावा. बाकीच्यांकडेही छोट्या प्रिंट घेऊन जा आणि नाव कसं लिहायचं ते त्यांच्याकडूनच घ्या. हॉलची वेळ मात्र संध्याकाळी उशिरापर्यंत ठेवा. दिवसा पोती वाहणारा माणूस पाच वाजता कसा येणार?