प्रति: एकाच वेळी अनेक मॉड्यूल बसवणे
ड्रुपलमध्ये (संकेतस्थळे उभारण्याच्या प्रणालीत) मॉड्यूल, म्हणजे जादा सुविधा देणारे जोडभाग, एकेक करूनच बसवावीत, असे या चर्चेतील आधीच्या उत्तरात सुचवले आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. उतरवून घेणे आणि कार्यान्वित करणे या दोन निराळ्या पायऱ्या आहेत. कंपोझर या पॅकेजे उतरवून घेणाऱ्या साधनाच्या ‘रिक्वायर’ आज्ञेत सर्व नावे ओळीने दिल्यास तो आवृत्त्यांचा मेळ एकत्रच तपासतो आणि एखाद्याचा जरी मेळ बसला नाही, तर कशालाच हात लावत नाही. पाथऑटोला (पानांचे पत्ते आपोआप बनवणाऱ्या मॉड्यूलला) लागणारी टोकन व सीटूल्स ही मॉड्यूलेही तो स्वतःच आणतो. कार्यान्वित मात्र ड्रशने (ड्रुपलला आज्ञा टंकून देण्याच्या साधनाने) दोन-तीनच्या गटांत करावीत. फोंड्यातील आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर मी घाईने सगळी एकदम सुरू केली, आणि संकेतस्थळाऐवजी दिसणारे कोरे पान नेमके कोणत्या मॉड्यूलमुळे आले हे शोधण्यात चतुर्थीची अर्धी सुट्टी गेली. डेटाबेसची प्रत आधीच काढली होती, एवढेच नशीब.