बळ्ळारी नाल्याचा खर्च कुणी उचलायचा: शहरानं की शेतकऱ्यानं?

शहापूरकर
परवा बेळगावला वडगावच्या शिवारात मामांकडे गेलो होतो. धूळवाफ पेरून उगवून आलेलं भात पाच दिवस नाल्याच्या पाण्याखाली होतं. पाणी ओसरलं तेव्हा पात्यांवर काळी साय धरलेली, बांधाला जलपर्णी अडकलेली आणि तिच्यात दुधाच्या रिकाम्या पिशव्या. मामांनी एक रोप उपटून हातावर ठेवलं. बोटानं नुसतं दाबलं तर मूळ पिचलं.

त्या पिशव्यांत एखादी आमच्या गल्लीतली असणारच. मी नळाचं बिल भरतो, पण तेच पाणी घाण होऊन कुणाच्या भातात शिरतं याचा त्या बिलात एक पैसा धरलेला नाही. व्यवहार दोघांचा आणि झळ तिसऱ्याला, यालाच अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. केंब्रिजच्या आर्थर पिगूंनी 1920 सालीच यावर उपाय मांडला होता: दुसऱ्यावर जेवढा भार टाकता, तेवढा कर भरा. माझं स्पष्ट मत आहे की शहरातल्या प्रत्येक नळजोडणीवर सांडपाणी आकार लावावा. तो पैसा वेगळ्या खात्यात ठेवून फक्त गाळ काढायला आणि दुबार पेरणीच्या भरपाईला वापरावा.

टिळकवाडीकर
साफ विरोध. घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो, आता सांडपाणीपट्टी? 74व्या घटनादुरुस्तीनं जी कामं नगरसंस्थांकडे सोपवायची म्हणून यादी दिली, तिच्यात स्वच्छता आहे. ज्यांच्याकडे काम आहे त्यांना जाब विचारायचा सोडून माझ्या खिशाला हात का घालता?

उपकराचा अनुभवही बघा. पाण्याच्या प्रदूषणासाठी 1977 साली उपकर आला. तो कारखान्यांवर होता तसा नगरसंस्थांवरही होता. 2017 साली जीएसटी आला तेव्हा तो रद्द झाला. चाळीस वर्षं भरून आपला नाला निवळला का?

आणि नाल्याकाठच्या भातजमिनीत प्लॉट कुणी पाडले? गुंठ्यानं विकणारे शेतकरीच होते ना?

शहापूरकर
विकणारे पैसे घेऊन मोकळे झाले. बुडतोय तो न विकता अजून पेरणारा. एकाच्या व्यवहाराची शिक्षा दुसऱ्याला कशाला?

जाब विचारायचं म्हणता, तर लंडनचं उदाहरण घ्या. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी थेट संसदेत शिरली आणि काही आठवड्यांत गटारांच्या कामाचा कायदा झाला. आपल्या नाल्याचा वास मामांच्या बांधावर येतो, निर्णय घेणाऱ्यांच्या दारात नाही. म्हणून तो भार बिलात दिसायला हवा.

खानापूरचा मास्तर
दोघंही सरकारकडेच बघताय. एलिनोर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक साधनं लोक स्वतः कशी सांभाळतात, याच्या अभ्यासासाठी. स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगरी गावात नियम होता: हिवाळ्यात जेवढ्या गाई तुम्ही पोसू शकता, तेवढ्याच सामायिक कुरणावर सोडायच्या. ही व्यवस्था शतकानुशतकं टिकली. नाल्याकाठच्या शेतकऱ्यांनी समिती करावी, वर्गणी काढावी, पावसाआधी आपापला पट्टा उपसावा.

येळ्ळूर शिवार
मास्तर, हे करून बघितलंय आम्ही. दोन वर्षांमागं जेसीबीसाठी वर्गणी काढली. चाळीस जणांतल्या अकरा जणांनी काही दिलं नाही. गाळ निघाला, पाणी सगळ्यांच्याच शेतातनं ओसरलं, त्या अकरा जणांच्या पण. दुसऱ्या वर्षी देणारे निम्मे झाले, तिसऱ्या वर्षी जेसीबी आलाच नाही. बरं, न देणाऱ्याचं रान सोडून पाणी काढता येतंय काय?

आणि त्या गावात गाई सोडणारे नि गवत संपल्यावर मार खाणारे एकच लोक होते. आमच्याकडं घाण टाकणारे वर शहरात, आमच्या बैठकीला कोण येणार? आम्ही उपसायचं आणि दुसऱ्या दिवशी वरनं परत यायचं.

भरपाई मात्र मला नको, शहापूरकर. एकदा भरपाई सुरू झाली की नाला कोण साफ करतोय? पैसे गाळावर घाला, आम्ही पिकवून खातो.

खानापूरचा मास्तर
टाकणारा आणि भोगणारा वेगळे, हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोझ यांनी 1960 साली मांडलेली, त्रास देणारा आणि सोसणारा यांनी बोलून करायची आपसातली तडजोडही इथं चालणार नाही. एका कारखान्याशी बोलणी करता येतात, हजारो घरांशी कोण करणार?

टिळकवाडीकर
येळ्ळूरवाल्यांचं ऐकून एवढं मान्य करतो की हे काम वर्गणीचं नाही. पण सरसकट आकाराला माझा विरोध कायम आहे. एकट्या म्हाताऱ्या बाईच्या नळाला आणि साठ खोल्यांच्या लॉजला एकच रक्कम लावली तर तो पिगूंचा कर होत नाही. मीटरच्या युनिटवर लावा, आणि किती जमा झाले, किती मीटर गाळ निघाला, हे दर मे महिन्यात वॉर्डात फळ्यावर लिहा. तसं असेल तर मी भरेन. नसेल तर नाही.

शहापूरकर
युनिटवर लावा, मान्य. भरपाईचं मात्र मी सोडत नाही. गाळ निघेपर्यंतच्या हंगामांचं काय? मामांनी कालपासून बी शोधलं. बासमतीचं मिळालं नाही. इंद्रायणीचं मिळालं, तेही उधारीवर. आज परत पेरताहेत.