पैसे कापले गेले, दुकानात आलेच नाहीत, मग परत कसे गेले?

प्रश्न: वडिलांचं किराणा दुकान आहे. काल संध्याकाळी एका काकूंनी क्यूआर स्कॅन करून ६४० रुपये पाठवले. त्यांना पैसे कापल्याचा मेसेज आला, आमचा स्पीकर मात्र गप्पच. आज सकाळी त्यांचे पैसे आपोआप परत गेले. काकू सज्जन, रोख आणून दिले. पण असं का होतं?

प्रतिसाद १: मी बँकेत काउंटरला आहे, रोज हेच समजावते. यूपीआयमध्ये आधी गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम वजा होते, मग तुमच्या बँकेला जमेचा निरोप जातो. तिथून वेळेत होकार आला नाही की व्यवहार अडकतो. हिशोब जुळवताना रक्कम जमा झालेली नाही असं दिसलं की ती परत फिरते. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला केलेल्या अशा पेमेंटसाठी व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांची मुदत आहे. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता मिळायला हवी. गिऱ्हाइकांना हे जरूर सांगा, बिचारी फार घाबरतात.

प्रतिसाद २: कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथे भामटे बसलेत. अ‍ॅपमधूनच तक्रार करा, यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) जपून ठेवा.

प्रश्नकर्ती: धन्यवाद ताई! भरपाईचं माहीतच नव्हतं. मोठ्या अक्षरांत लिहून गल्ल्याजवळ लावते.