मदत हवी आहे : पूर आला तर आई-बाबांनी माळ्यावर दोन-तीन दिवस कसे काढायचे? (चिपळूण)

आई-बाबा चिपळूणला बाजारपेठेजवळ राहतात, मी पुण्यात. 22 जुलै 2021 ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा दोघंच होते. बाबांनी 2005 च्या पुराची खूण भिंतीवर करून ठेवली होती, त्यामुळे सगळं सामान त्या खुणेच्या वर ठेवून ते निर्धास्त होते, आणि पाणी बघता बघता खुणेच्या वर गेलं. लाइट नाही, फोन नाही, रस्त्यावर छाती बुडेल एवढा प्रवाह, कोण येणार होतं मदतीला? शेजारी पण आपापल्या गच्चीवर अडकलेले. दोघं सुखरूप आहेत हे मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं.

आई माळ्यावर बसून जिन्याच्या पायऱ्या मोजत होती. चौदापैकी नववी बुडाली आणि पाणी थांबलं. प्यायला तिने पागोळीखाली टोप धरला. बाबांचं इन्सुलिन खाली फ्रीजमध्ये आणि फ्रीज आडवा होऊन तरंगत होता, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

घाटात तुफान पाऊस आणि खाडीला भरती एकाच वेळी आली की पाणी ओसरतच नाही, त्यामुळे एक रात्र नाही तर तीन दिवस धरून तयारी करायची ठरवलंय. माळ्यावर पत्र्याचा डबा, बॅटरी, पोहे-चुरमुरे, चिक्की, कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये एवढं ठेवलंय. पण अडलंय ते हे : इन्सुलिन फ्रीजशिवाय किती टिकतं? वर छोटी गॅस शेगडी ठेवावी का? आणि बाथरूम खाली आहे, आईचे गुडघे गेलेत, उकिडवं बसता येत नाही, तर तिची सोय काय करायची? हे कुणी लिहीत नाही पण त्या दिवशी तिला सगळ्यात जास्त त्रास याचाच झाला.

प्रतिसाद 1
माझ्या सासऱ्यांना पण इन्सुलिन चालू आहे. डॉक्टरांनी सांगितलं की वापरायला काढलेलं पेन 30 डिग्रीच्या आत असेल तर साधारण चार आठवडे बाहेर चालतं, तरी औषधाबरोबरचा कागद बघा आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा. जून लागला की चालू पेन, सुया, ग्लुकोमीटर सगळं माळ्यावरच ठेवायचं. सोबत साखर हवीच, खाणं चुकलं की शुगर एकदम खाली येते.

प्रतिसाद 2
आम्ही सांगलीचे, 2019 ला अनुभव घेतलाय. बंद माळ्यावर गॅस पेटवू नका, न शिजवता खाता येईल असंच ठेवा. खालच्या सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि तो खांबाला बांधा, सिलिंडर तरंगतो. पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी मेन स्विच बंद. प्यायचं पाणी माणशी रोज 3-4 लिटर धरून झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि पंधरा दिवसांनी बदला. आईंसाठी मेडिकलमध्ये भांडं लावलेली कमोड खुर्ची मिळते, तीच वर नेऊन ठेवा, भांड्यात जाड पिशवी आणि वरून राख किंवा लाकडाचा भुसा टाकला की वास कमी येतो. एक साडी आडोशाला बांधायला ठेवा, त्यांना बरं वाटेल.

धागाकर्ती
खूप खूप आभार. आडोशाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच आईला फोन केला तर म्हणाली जुनी नऊवारी आहे ती ठेवते. शनिवारी खुर्ची घेऊन जातेय आणि पाचव्या पायरीवर लाल रेघ मारणार आहे, पाणी तिथे आलं की काही आणायला खाली उतरायचं नाही असं बाबांकडून कबूल करून घेतलंय. आता एकच राहिलं, जिना अरुंद आहे, घडीची कमोड खुर्ची कुणी वापरली आहे का? वजन किती पेलते?