आयसीयू आरएन (रजिस्टर्ड नर्स) आहे, पुढे एनपी (नर्स प्रॅक्टिशनर) करू की पीए (फिजिशियन असिस्टंट)? दोन्ही पेशंट तपासून स्वतः ऑर्डर देतात. (अमेरिका)

रातपाळी_आरएन: इथे अमेरिकेत ४ वर्षं बेडसाइडला आहे, आधी मेडसर्ज (मेडिकल-सर्जिकल वॉर्ड) आता आयसीयू, बीएसएन (नर्सिंगची पदवी) झालंय. काम आवडतं, पण पेशंट बिघडतोय हे डोळ्यांसमोर दिसत असतं आणि ऑर्डर यायची वाट बघत बसावं लागतं, त्याची आता घुसमट होते. घरचे म्हणतात दोन्हीत पगार सारखाच, मग कुठलंही कर. मुलगा लहान आहे, लोन पण काढावं लागेल, म्हणून ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा.

ऑर्थो_पीए: पगाराचं घरचे बरोबर म्हणतात. सरकारी आकड्यांत २०२४ चा मिडियन पीएचा वर्षाला १ लाख ३३ हजार डॉलर, एनपीचा १ लाख २९ हजार, आरएनचा साधारण ९३ हजार. त्यावरून ठरवू नका.
मी पीए का झालो तर मला एकाच गोष्टीत अडकायचं नव्हतं. साधारण २७ महिन्यांचा कोर्स, आधी वर्गातलं मग रोटेशन्स म्हणजे एकेका विभागात काम, मेडिसिन सर्जरी पीडिया सायक ईआर सगळं, क्लिनिकलचे २००० च्या आसपास तास होतात, शेवटी पॅन्स ही पीएची एकच परीक्षा. मी ईआरमधून ऑर्थोला आलो, नवीन डिग्री लागली नाही. पण त्या काळात नोकरी जमत नाही हे लक्षात घ्या, आणि नर्सिंगला घेतलेली केमिस्ट्री बऱ्याच ठिकाणी चालत नाही, पुन्हा करायला लावतात.

एफएनपी_आई: ताई, मूल लहान आहे म्हणताय म्हणून लिहितेय. मी पार्टटाइम शिफ्ट करत एनपी केलं, पगार चालू राहिला त्यामुळे घर तगलं. पण एक चूक माझ्याकडून झाली ती तुम्ही करू नका. मीही आयसीयूतलीच, सगळ्या म्हणाल्या एनपीत फॅमिली ट्रॅक (एफएनपी) घे जॉब भरपूर आहेत, घेतलं, आणि नंतर आयसीयूत परत जायचं म्हटलं तर अॅक्यूट केअरचं सर्टिफिकेट मागितलं. एनपीत ट्रॅक आधीच निवडायचा असतो आणि बोर्डाची परीक्षा त्याच ट्रॅकची, बदलायचं तर पुन्हा शिकायचं. क्लिनिकल तासही पीएपेक्षा खूपच कमी, त्यामुळे नर्स म्हणून आधीचा अनुभव असेल तरच त्यात मजा आहे, तुमचा आहे. आणि निम्म्याहून जास्त राज्यांत एनपीला डॉक्टरच्या कराराशिवाय प्रॅक्टिस करता येते, पीएला अजून बहुतेक ठिकाणी डॉक्टरशी जोडलेलं राहावं लागतं.

भूल_डेस्क: आयसीयू आहे तर सीआरएनएचा (भूल देणारी नर्स) विचार केला का? पगार दोन्हीपेक्षा बराच जास्त. पण आता डॉक्टरेट लागते, ३ वर्षं, आणि नोकरी सोडावीच लागते.

रातपाळी_आरएन: सगळ्यांचे मनापासून आभार. सीआरएनए आत्ता नाही, ३ वर्षं बिनपगारी जमणार नाही. ओटीचं मला तेवढं वेड नाही, मला आयसीयूतच राहायचंय, मग अॅक्यूट केअर एनपीच बरं दिसतंय, मोठ्यांचा ट्रॅक. एफएनपी_आई, प्रिसेप्टर (क्लिनिकल तासांत हाताखाली घेऊन शिकवणारा) तुमच्या कॉलेजने शोधून दिला का तुम्हालाच शोधावा लागला?

एफएनपी_आई: मलाच. ४० फोन केले असतील, एक सेमिस्टर तसंच गेलं. अॅडमिशन घ्यायच्या आधी हे लेखी विचारा, तोंडी नको.